मधली चित्रं

मुख्य चित्रं मी कधीच काढली नाहीत.
ती वाल्दुरची.
कुत्रा खडकावर. कुत्रा बोटीत.
दोन कागद माझ्या टेबलाकडे सरकवून
तो कॉफी प्यायला निघून जायचा.

उडी माझी.
खडक सुटल्यापासून बोट लागेपर्यंतची सगळी हवा,
पोटाशी ओढलेले पाय, मागे दुमडलेला कान,
काचेखालच्या दिव्यावर एकावर एक बावीस कागद.
तालिनच्या त्या स्टुडिओत एकतीस वर्षं.
शेवटी नावं यायची त्यात मी खालून तिसरी,
तोवर लोक कोट चढवून उठलेले.

वाल्दुर पहिल्याच आठवड्यात गेला, ट्राममध्ये.
दारं उघडली नाहीत, इतकंच.
यंत्रांनी आरडाओरडा केला नाही.
काही गोष्टी उघडल्या नाहीत,
काही बंद केल्या नाहीत,
आणि पाणी, वीज, औषधं यांचा हिशेब
आपल्याला वगळून चोख जुळवला.

कोह्तलाच्या जुन्या खाणीत आम्ही एक्केचाळीस उतरलो.
ऊकू तिथलाच, खाली जन्मलेला.
झिनाइदानं त्याची नाळ कापली
माशांच्या डब्याच्या पत्र्यानं.
त्याची आई तिसऱ्या हिवाळ्यात
लाकडं आणायला वर गेली.

एकदा त्यानं विचारलं,
कुत्रा म्हणजे काय?
सांगता येईना. चार पाय म्हटलं
तर तो म्हणाला, टेबल.
मग कोटाच्या अस्तरातून ते चोवीस कागद काढले,
डाव्या मुठीत धरून अंगठ्याखालून सोडले.
फर्रर्र.
ऊकूनं कागदांच्या मागे वाकून पाहिलं.
कुठं गेला?
बोटीत.
परत आण.

पाचव्या हिवाळ्यात चूल पेटवायला काही उरलं नाही.
मी एक सोडून एक कागद काढून घेतला.
बारा जळले. कुत्रा तरी धावला,
जरा अडखळत, म्हातारा झाल्यासारखा.
पुढच्या थंडीत आणखी सहा.
मग झिनाइदाला ताप आला, आणि मी मोजणं सोडलं.
एके रात्री हातात दोनच राहिले,
तेही नेमके वाल्दुरचे :
खडक. बोट.
माझं एकही उरलं नाही. हसू आलं मला.

वर खाणीच्या तोंडाशी एक खांब आहे, त्याला डोळा.
जानेवारीत त्याला ऊन पुरत नाही,
वीज वाचवायला तो नऊ सेकंदांनी एकदा उघडतो,
एक चित्र घेतो, मिटतो.
बर्फ. उलटी पडलेली मालगाडी. बर्चची झाडं.
पुन्हा तेच, तसंच. त्याचं समाधान होतं.
हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं,
एवढी वर्षं दुसरं मी काय केलं?
दोन चित्रांच्या मध्ये किती मावतं
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?
त्याची आई तेव्हा वाचली असती.

ऊकू आता सात वर्षांचा.
त्याला मोजायला शिकवलं, बोटांवर नाही, श्वासावर.
तोंडापासून गाडीपर्यंत एक उडी.
गाडीमागे थांब, डोळा उघडू दे, मिटू दे.
गाडीपासून झाडांपर्यंत दुसरी.
ठसे वारा पुसतो.
मी अंधारात उभी राहून
त्याच्याबरोबर श्वास मोजले, आणि एकदा चुकले.

तो आला. पाठीवर मोळी,
एक बूट चिखलानं भरलेला.
काही न बोलता चुलीपाशी बसला,
ते दोन कागद मागून घेतले,
मांडीवर शेजारी शेजारी ठेवले,
आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

मग म्हणाला,
इथं त्याचा मागचा पाय पाण्याला लागतो.
गार वाटतं त्याला.
म्हणून कान असा होतो.

पाय पाण्याला लागलेला
मी कधीच काढला नव्हता.